आवा शहरच्या तुरुंगाच्या दारात
ॲन जडसनबाईंचे चरित्र

लढाईची हकीकत लिहिणारे बहुधा सेनापती, तोफा व तह यांविषयीच लिहितात. ज्या घरातून पुरुष धरून नेला त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, तुरुंगात पडलेल्याच्या तोंडी घास कोणी घातला, आईचे दूध आटल्यावर तान्ह्या लेकराचे काय झाले, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. ब्रह्मदेशात १८२४ पासून १८२६ पर्यंत जी लढाई झाली तिच्यासंबंधाने मात्र अशी एक हकीकत राहिली आहे; कारण ती भोगणाऱ्या बाईंस लिहिता येत होते, आणि लढाई संपल्यावर रंगूनहून आपल्या दिरास पाठविलेल्या एका लांबलचक पत्रात त्यांनी ती सर्व लिहिली.

त्या बाईंचे नाव ॲन जडसन. त्यांचे पती अडोनिराम जडसन ह्यांनी पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषेत भाषांतर केले, हे आमच्या पुष्कळ उपदेशकांस ठाऊक असेल. बाईंचे नाव त्या मानाने कमी ऐकू येते, आणि येते तेव्हा एकट्या स्त्रीने राजदरबाराशी झगडून पतीस वाचविले अशा थाटाने येते. आमच्या मते ही गोष्ट अर्धीच आहे. बाईंचे धैर्य थोर होते यात संशय नाही. परंतु ज्या लोकांच्या राजाने त्यांस शत्रू ठरविले होते, त्याच लोकांतल्या बायकांनी त्यांस व त्यांच्या लेकरास जगविले, ही दुसरी बाजू आहे व तीही सांगितली पाहिजे. तो देश हल्ली म्यानमार या नावाने ओळखला जातो, आणि २०२१ सालापासून तेथे पुन्हा लढाई पेटली आहे; म्हणूनही ही जुनी गोष्ट आठवणे आम्हांस समयोचित वाटते.

ॲन हॅसेल्टाईन ह्यांचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स प्रांतात ब्रॅडफर्ड गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलगी बुद्धीने तल्लख, स्वभावाने हौशी, मेळाव्यांत व मौजेत रमणारी अशी होती. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी तिचे अंतःकरण पालटले, आणि पुढे काही वर्षे तिने आसपासच्या गावांत शाळा शिकविली. १८१० च्या जून महिन्यात ब्रॅडफर्ड येथे मंडळ्यांची सभा भरली, तीपुढे काही तरुण विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊन सुवार्ता सांगण्याची इच्छा कळविली. अमेरिकन बोर्डाचा जन्म त्याच सभेत झाला. त्या विद्यार्थ्यांपैकी जडसन हे हॅसेल्टाईन यांच्या घरी जेवावयास आले होते, आणि तेथेच दोघांची पहिली भेट झाली.

जडसनांनी मुलीच्या बापास जे मागणीपत्र लिहिले ते विलक्षण होते. ह्या मुलीस तुम्ही या जगात पुन्हा पाहणार नाही, परक्या देशात तिला उन्हातान्हाचे, हालअपेष्टांचे, अपमानाचे, कदाचित वाईट रीतीने मरणाचेही भय आहे, हे सर्व त्यांनी आधीच उघडून मांडले आणि तरी ख्रिस्तासाठी मुलगी द्याल काय, असे विचारिले. मुलगी पाहावयास येणारे लोक आपल्याकडे शेत किती व बैल किती हे सांगतात. हा वर आपल्यापाशी काय काय नाही तेच सांगत होता. बापाने निर्णय मुलीवर सोपविला. गावात पुष्कळांस हे वेडच वाटले, कारण त्या वेळपर्यंत अमेरिकेतून कोणतीही स्त्री अशा कामासाठी समुद्रापलीकडे गेली नव्हती.

५ फेब्रुवारी १८१२ रोजी लग्न झाले, व दुसऱ्या दिवशी सेलम येथे पाच तरुणांस मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्या पाचांत जडसन होते. आणि गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व सॅम्युएल न्युएल हेही होते. ही नावे आमच्या वाचकांस परकी नाहीत. हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले, न्युएल मागाहून त्यांस येऊन मिळाले, आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन व आपल्याकडील कित्येक मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे जडसनबाई ह्या आपल्या मंडळ्यांचे बी पेरणाऱ्यांच्याच सोबतीण होत. न्युएल यांच्या पत्नी हॅरिएट ह्या तर त्यांच्या मैत्रीण व त्याच जहाजावरील सोबतीण होत्या. कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. हॅरिएटबाई पतीबरोबर मॉरिशसकडे निघाल्या. वाटेत समुद्रावर त्यांस मूल झाले व ते तेथेच वारले. आणि १८१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याही प्रभूकडे गेल्या. जडसनबाई मॉरिशसला पोचल्या तेव्हा त्यांस मैत्रिणीऐवजी तिची कबर पाहावयास मिळाली.

प्रवासात जडसन पतिपत्नींचे मत बाप्तिस्म्याच्या बाबतीत बदलले, व कलकत्त्यास त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे ते अमेरिकन बोर्डापासून निराळे झाले. तो वाद येथे उकरून काढण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

मॉरिशसहून ती दोघे मद्रासेस आली. तेथूनही हद्दपार होण्याचे भय होते, म्हणून जे जहाज आधी निघेल त्यावर चढणे भाग पडले, आणि ते जहाज रंगूनला जाणारे होते. वाटेत बाई प्रसूत झाल्या. मूल मेलेलेच उपजले. १३ जुलै १८१३ रोजी रंगून आले तेव्हा बाईंच्या अंगी चालण्याचे त्राण नव्हते. त्यांस खुर्चीत बसवून गावात न्यावे लागले. दोन वर्षांनी एक मुलगा झाला, तोही आठ महिन्यांचा होऊन गेला.

रंगून येथील दहा वर्षांविषयी आम्ही थोडक्यातच लिहितो. साहेब पंडिताजवळ बसून पोथीची भाषा शिकत असता बाई घरकामाच्या निमित्ताने कोळीण, भाजीवाली, नोकरचाकर यांच्याशी बोलत. त्यामुळे बोलण्याची भाषा त्यांस पतीहून आधी येऊ लागली. त्यांनी ब्रह्मी भाषेत प्रश्नोत्तरावली तयार केली. पुढे रंगूनमधील सयामी लोकांसाठी त्या सयामी भाषाही शिकल्या, आणि त्या भाषेत त्यांनी केलेली प्रश्नोत्तरावली १८१९ साली श्रीरामपूर येथे छापली गेली. सयामी भाषेत छापलेल्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तकांपैकी ते एक होय. रविवारी त्या बायकांची निराळी सभा भरवीत. १८२० च्या जुलैमध्ये मा मेन-ला नावाच्या बाईंनी बाप्तिस्मा घेतला. ब्रह्मी स्त्रियांत त्या पहिल्या ख्रिस्ती झाल्या. मा मेन-ला यांनी पुढे कोणी न सांगता आपल्या घरीच मुलामुलींची शाळा काढली. प्रकृती फार बिघडल्यामुळे जडसनबाई १८२१ साली इंग्लंड व अमेरिका येथे गेल्या, तेथे त्यांनी ब्रह्मदेशातील कामाचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला, आणि १८२३ च्या डिसेंबरात परत आल्या. लगेच पतिपत्नी नावेने इरावती नदीवरून राजधानी आवा येथे गेली. तेथे बाईंनी तीन लहान मुलींची शाळा सुरू केली. त्यांतील दोघी बहिणी होत्या. त्यांची आई वेडी झाली होती, म्हणून बापाने त्या बाईंच्या हवाली केल्या. बाईंनी त्यांची नावे मेरी व ॲबी अशी ठेविली.

इतक्यात लढाई आली. आसाम, मणिपूर, आराकान ह्या सरहद्दींवरून कंपनी सरकार व ब्रह्मी राजा यांच्यात कुरबुरी चालल्याच होत्या. १८२४ च्या मार्चात कंपनीने लढाई पुकारली व मे महिन्यात तिच्या फौजेने रंगून घेतले. फौज उतरली तेव्हा शहर ओस पडले होते. ब्रह्मी अधिकाऱ्यांनी रहिवाशांस रानात हाकून दिले होते, आणि पुरुषांनी फितूर होऊ नये म्हणून त्यांच्या बायकामुलांस ओलीस धरून ठेविले होते. राजासाठी लढावयाचे ते पुरुषांनी, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल तारण राहावयाचे ते बायकांनी, असा तो व्यवहार होता. रंगूनमधील दोघा मिशनऱ्यांस शिरच्छेदासाठी धरून नेले असता त्यांच्या बायका नोकरणींचे कपडे घालून लपून राहिल्या व वाचल्या.

आवा येथे प्रत्येक गोऱ्या मनुष्याविषयी संशय उत्पन्न झाला. जडसन इंग्रज नव्हते, पण अमेरिका व इंग्लंड यांतला भेद दरबारास कोणी समजवावा? त्यांचा पैसा बंगालहून एका इंग्रज व्यापाऱ्याच्या हातून येत असे. हा हेरगिरीचा पगारच असला पाहिजे असे अधिकाऱ्यांनी ठरविले. ८ जून १८२४ रोजी जेवणाच्या वेळी एक अंमलदार डझनभर माणसांसह घरात शिरला. बरोबर तोंडावर ठिपके गोंदलेला एक मनुष्य होता. त्याने जडसनांस जमिनीवर पाडून दोरीने करकचून बांधले. बाईंनी दोर सैल करण्यासाठी पैसे पुढे केले, ते त्यांनी झिडकारले.

त्या तुरुंगाचे नाव उच्चारणेही लोक टाळीत. हात न आखडणारा असा त्याच्या नावाचा अर्थ होता. तेथील शिपाई स्वतःच पूर्वीचे खुनी व दरोडेखोर असत. त्यांस जीवदान देऊन, गालावर खूण गोंदून, ह्या कामावर ठेवीत. प्रत्येक कैद्यास तीन तीन बेड्या होत्या, आणि रात्री सर्वांच्या पायांमधून एक लांब वासा घालून तो दोरीने वर ओढीत, म्हणजे पाय अधांतरी व खांदे जमिनीस अशा स्थितीत रात्र काढावी लागे. आणि मुख्य गोष्ट ही, की सरकार कैद्यास अन्न देत नसे. ज्याच्या घरचे कोणी आणून देईल त्याने खावे. नसेल त्याने मरावे. हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील हकीकतीचा अर्थ कळावयाचा नाही. त्या तुरुंगातील पुरुषाचे जगणे सर्वस्वी दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईवर अवलंबून होते. जडसनबाई तेथे एकट्याच उभ्या नव्हत्या. ब्रह्मी कैद्यांच्याही आया, बायका व बहिणी तशाच भाताची मडकी घेऊन येत असत.

पहिले दोन दिवस बाई स्वतःच घरात पहाऱ्यात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी शहराच्या उत्तर दरवाजाच्या सुभेदारास निरोप पाठवून भेट मिळविली. हा म्हातारा मनुष्य दरबाराचा चाकर होता, तरी त्याच्या अंतःकरणात दया होती. त्याच्या हाताखालच्या अंमलदाराने दोनशे टिकल चांदी घेतली, तेव्हा जडसनांस व त्यांच्या सोबत्यांस आतल्या खोलीतून बाहेरच्या पडवीत आणण्यात आले. येथे आमचा एखादा उपदेशक विचारील की, ख्रिस्ती बाईने लाच द्यावी काय? त्या राज्यात अंमलदारांस पगार नसे. लोकांकडून मिळेल तेच त्यांचे वेतन, हे प्रथम लक्षात घ्यावे. ज्याच्या घरचा मनुष्य उलटा टांगलेला नाही त्याने या बाबतीत फार कडक न्याय करू नये, असे आम्हांस वाटते.

पुढे सात महिने बाई जवळजवळ रोज कोणत्या ना कोणत्या मोठ्या अधिकाऱ्याच्या अगर राजघराण्यातील बाईच्या दारी अर्ज घेऊन गेल्या. घर तुरुंगापासून सुमारे एक कोस. पुष्कळदा तुरुंगातून निघण्यास रात्रीचे नऊ वाजत, आणि मग काळोखातून एकटीने पायी घरी यावयाचे. राणीच्या भावजयीकडून उत्तर आले की कैद्यास मारणार नाहीत, पण सोडणारही नाहीत. सुभेदाराच्या बायकोने बाईंस ब्रह्मी पोशाख दिला व तो घालून फिरण्याचा सल्ला दिला, म्हणजे रस्त्यातील लोक परकी म्हणून त्रास देणार नाहीत. तेव्हापासून बाई तोच पोशाख करीत. आम्हांस ही गोष्ट लहान वाटत नाही. नवरा राजाचा सुभेदार, आणि बायको राजाच्या शत्रूच्या स्त्रीस आपले लुगडे देते!

बोलण्याची बंदी असे तेव्हा बाई एका चपट्या पोळीवर मजकूर कोरीत, ती भाजून भाताच्या वाडग्यात पुरून आत पाठवीत. जडसन खापराच्या तुकड्यावर उत्तर लिहीत. ते खापर ओले असता अक्षरे दिसत नसत व वाळले म्हणजे दिसू लागत. एकदा पतीस आपल्या देशाच्या जेवणाची आठवण व्हावी म्हणून बाईंनी म्हशीचे मांस व केळी यांचे सारण करून अमेरिकेतल्यासारखे पक्वान्न केले, व मौंग इंग नावाच्या विश्वासू ब्रह्मी ख्रिस्ती बंधूच्या हाती ते पाठविले. जडसनांनी ते पाहिले मात्र, आणि मायदेशातले भरले ताट व बापाचे घर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. डोके गुडघ्यांवर टेकून ते रडू लागले, आणि ते पक्वान्न त्यांनी शेजारच्या कैद्यास देऊन टाकिले.

नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखिते घरातच होती. जप्ती येणार म्हणून बाईंनी ती प्रथम जमिनीत पुरली. पण पावसाळ्यात ती कुजून जातील, म्हणून मग एका कठीण, कुरूप उशीत शिवून तुरुंगात पतीस दिली. इतकी वाईट उशी चोरण्याचा मोह कोणास होणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. अशा रीतीने जडसन कित्येक महिने ब्रह्मी शुभवर्तमानावर डोके ठेवून निजत होते.

२६ जानेवारी १८२५ रोजी बाईंस मुलगी झाली. तिचे नाव मरिया. वीस दिवसांची झाल्यावर त्यांनी तिला कडेवर घेऊन तुरुंगात बापाच्या भेटीस नेले. मार्चात लढाईचे पारडे ब्रह्मी लोकांवर फिरू लागले, तसा दरबाराचा राग कैद्यांवर निघाला. पाच पाच बेड्या घालून शंभराहून अधिक माणसांस एका बिनखिडकीच्या खोलीत कोंडले. दिवस उन्हाळ्याचे होते. राजाकडे भेट म्हणून आलेला एक सिंहही तेथे पिंजऱ्यात घालून उपाशी मारण्यात आला, कारण सिंह हे इंग्रजांचे चिन्ह असल्याने तोही शत्रूच ठरला. सिंह मेल्यावर तापाने फणफणलेले जडसन त्या रिकाम्या पिंजऱ्यात राहावयास मिळावे म्हणून विनवणी करू लागले, आणि तो मिळाला तेव्हा त्यांस तो महाल वाटला. सुभेदाराच्या आवारात, तुरुंगासमोर, बाईंनी बांबूची खोपटी बांधून घेतली होती, तेथून त्या दार राखीत बसत. शौलाच्या पुत्रांच्या प्रेतांजवळ खडकावर तरट अंथरून बसलेली रिस्पा शास्त्रात आहे. ती मेलेल्यांस राखीत होती, ह्या जिवंतास राखीत होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेस सुभेदाराने बाईंस बोलावून घेतले आणि तेवढ्यात कैद्यांस गुपचूप हलविण्यात आले. भर उन्हात, अनवाणी, दोघा दोघांस दोरीने जोडून त्यांस हाकीत नेले. एक ग्रीक कैदी वाटेत पडला व मेला. जडसनांच्या पायांची कातडी निघाली. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्याच्या एका बंगाली नोकराने आपल्या डोक्याचा फेटा फाडून अर्धा आपल्या धन्याच्या व अर्धा जडसनांच्या पायांस गुंडाळला. बाई दुसऱ्या दिवशी, तीन महिन्यांचे मूल, त्या दोघी ब्रह्मी मुली व आपला बंगाली स्वयंपाकी यांस घेऊन आधी नावेने व मग गाडीने मागोमाग निघाल्या. आंगबिनले नावाच्या खेड्यात पडक्या, छप्पर नसलेल्या तुरुंगापुढे जडसन त्यांस अर्धमेले सापडले. तुरुंगाच्या शिपायाने आपल्या घरची एक खोली त्यांस दिली. ती धान्याने अर्धी भरलेली होती. तीत पुढचे सहा महिने त्यांचा संसार झाला.

दुसऱ्याच दिवशी मेरीस देवी आल्या. बाईंनी तिच्या फोडांतील लस घेऊन ॲबीस व शिपायाच्या मुलांस टोचले. त्या मुलांस देवी सौम्य आल्या, असे पाहून खेड्यातल्या आया आपापली लेकरे घेऊन येऊ लागल्या, आणि बाईंनी त्या सर्वांस टोचले. तान्ह्या मरियेस मात्र देवींचा जोर झाला व ती तीन महिने बरी झाली नाही. मग बाईंसच हगवण लागली. औषधाची पेटी आणण्यासाठी त्या कशाबशा आवा येथे गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा अवतार पाहून स्वयंपाक्यास रडू आवरेना. दोन महिने त्या चटईवरून उठल्या नाहीत. ह्या स्वयंपाक्याविषयी बाईंनी मुद्दाम लिहिले आहे: तो जात विसरला, लाकडे व पाणी दुरून वाहून आणी, कैद्याचे अन्न पोचवी, पगार मागत नसे, आणि पुष्कळदा स्वतः रात्रीपर्यंत उपाशी राही. तो ख्रिस्ती नव्हता. आमच्या मंडळ्यांत अजून पंगतीला कोण कोणाजवळ बसतो हे पाहणारे लोक आहेत. त्यांनी ह्या हिंदू स्वयंपाक्याची गोष्ट दोनदा वाचावी.

बाईंचे दूध आटले. खेड्यात गाईचे दूध मिळेना, दाई मिळेना. मूल रात्रभर रडे. शेवटी शिपायास काही देऊन बाईंनी इतकी परवानगी मिळविली की, जडसनांनी रोज थोडा वेळ बाहेर यावे. मग तो कैदी, पायांत बेड्या, हातात हाडांचा सापळा झालेले लेकरू, असा दारोदार फिरू लागला, आणि ज्या ज्या बाईच्या अंगावर मूल पीत होते तिच्यापुढे उभा राहून आपल्या लेकरास दोन घोट मागू लागला. ह्या बायकांचे नवरे, भाऊ, दीर कोठे असतील? लढाईच्या त्या दुसऱ्या वर्षी खेड्याखेड्यांतून माणसे फौजेत ओढून नेली जात होती, आणि ज्या फौजेशी ती लढत होती तिच्या रंगाचा हा मनुष्य. त्यांनी मूल घेतले व पाजले. एकीनेही पाजिले नसते तर मरिया वाचती ना. पाजणाऱ्यांचे नाव एकीचेही लिहिलेले नाही. बाई चटईवर पडून होत्या, त्यांस ती कळली नसतील.

नोव्हेंबरात तहाच्या बोलण्यासाठी दुभाषी पाहिजे म्हणून जडसनांस ब्रह्मी छावणीत पाठविण्यात आले. बाई आवा येथील घरी परतल्या, आणि त्यांस भयंकर ताप आला. ज्या सकाळी ताप भरला त्याच सकाळी, पुष्कळ दिवस शोधूनही न मिळालेली दूध पाजणारी दाई आपण होऊन दारी आली. डॉक्टर प्राइस नावाचे मिशनरी कैदेतून सुटून आले, त्यांनी बाईंचे केस काढून औषधोपचार केले. शेजारच्या बायका शेवटचे पाहावयास जमल्या होत्या; पण बाई वाचल्या. काही आठवड्यांनी जडसन परत आले व घरात शिरले, तेव्हा चुलीशी बसलेल्या दाईच्या मांडीवर जे मळके, काळवंडलेले पोर होते ते आपले आहे हे त्यांस प्रथम ओळखले नाही.

२४ फेब्रुवारी १८२६ रोजी यंदाबो येथे तह झाला. राजाने आराकान, तेनासरीम वगैरे मुलूख सोडले व एक कोटी रुपये देण्याचे कबूल केले. इंग्रजांच्या बाजूने आलेल्या सुमारे चाळीस हजारांतून पंधरा हजार माणसे परत गेली नाहीत, आणि त्यांतली पुष्कळशी तापाने व हगवणीनेच मेली. ब्रह्मी लोकांचे किती मेले याची मोजदाद कोणी ठेविली नाही. इंग्रज सेनापतीने ब्रह्मी वकिलांस मेजवानी दिली, आणि तीत बाईंस आपल्या हाताशी बसविले. वकिलांपैकी एकजण त्यांस पाहताच घामाघूम झाला. पती आजारी असता बाई भर उन्हात ह्याच्या दारी दुपारपर्यंत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याने विनंती तर फेटाळलीच, वर त्यांच्या हातातील रेशमी छत्री काढून घेऊन त्यांस तसेच उन्हात घालविले होते. आता आपले डोके उडणार असे त्यास वाटले. बाईंनी त्याच्याच भाषेत हळू आवाजात त्यास सांगितले की भिण्याचे कारण नाही. सूड घेण्यास त्यांस एक शब्द पुरला असता.

त्या उशीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कैद्यांस हलविले त्या दिवशी शिपायांनी ती लुटली, वरची खोळ घेतली व आतला कापसाचा गठ्ठा फेकून दिला. मौंग इंग यास तो सापडला. गुरूची आठवण म्हणून त्याने तो घरी ठेविला, आणि कित्येक महिन्यांनी आत पाहिले तो हस्तलिखिते जशीच्या तशी! ब्रह्मी नवा करार १८३२ साली छापून निघाला, आणि जडसनांचे संपूर्ण भाषांतर १८३४ साली पुरे झाले. ब्रह्मी मंडळ्यांत ते आजही वाचतात.

लढाईपूर्वी रंगूनच्या मंडळीत अठरा जणांचा बाप्तिस्मा झाला होता. परत येऊन पाहतात तो बहुतेक पांगलेले, काही मेलेले. उरलेल्या थोड्यांत मा मेन-ला होत्या. इंग्रजांच्या नव्या मुलखात समुद्रकाठी अॅम्हर्स्ट नावाचे गाव वसत होते, तेथे सर्वांनी जावयाचे ठरले. १८२६ च्या जुलैमध्ये बाईंस तेथे पोचवून जडसन इंग्रज वकिलाबरोबर पुन्हा आवा येथे गेले. नव्या करारनाम्यात धर्मस्वातंत्र्याचे कलम घालवून घेता येईल अशी त्यांस आशा दाखविण्यात आली होती. ती खोटी ठरली. इकडे बाईंनी बांबूचे घर व शाळेच्या दोन खोल्या उभ्या केल्या. ऑक्टोबरात त्यांस ताप आला. दोन वर्षांच्या हालांनी शरीर पोखरून गेले होते. अठरा दिवसांनी, २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, त्या वारल्या. वय छत्तीस. जवळ पती नव्हते, स्वदेशाची कोणी स्त्री नव्हती; उशापायथ्याशी ब्रह्मी ख्रिस्ती मंडळी होती, आणि शेवटच्या दिवसांत त्या ब्रह्मी भाषेतच बोलत होत्या.

काळ्या लाखेचे पत्र जडसनांस महिन्याने आवा येथे मिळाले. मूल गेले असेल अशा समजुतीने त्यांनी ते फोडले. जानेवारीत ते अॅम्हर्स्टला आले. मागाहून तेथे आलेल्या वेडबाई मरियेस कडेवर घेऊन पुढे आल्या. पोर आजारी होती. तिने बापाकडे पाहिले, त्यास ओळखले नाही, आणि भिऊन वेडबाईंच्या गळ्याला मिठी मारली. २४ एप्रिल १८२७ रोजी, दोन वर्षे तीन महिन्यांची होऊन, तीही गेली. समुद्रकाठी एका मोठ्या झाडाखाली आईच्या कबरेशेजारी तिची लहान कबर केली.